बिनपेटी मंडळ

अकोल्याच्या मोठ्या उमरीत समाधान कॉलनी आहे. तिथल्या सभागृहात दर गुरुवारी संध्याकाळी सुगम संगीताचा वर्ग भरत असे. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात या वर्गाची पेटी उंदरांनी खाल्ली. सगळी नाही खाल्ली. भाता खाल्ला आणि पट्ट्यांखालचं लोकरी कापड ओढून नेलं. सांगाडा मात्र जसाच्या तसा ठेवला, त्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही. पंजाबराव ढोरे यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून भाता हाणला तेव्हा आतून एक उसासा निघाला आणि त्याच्या मागोमाग एक उंदीर.

पंजाबराव वर्गाचे प्रमुख होते, सोसायटीचे अध्यक्ष होते आणि सभागृहाची किल्ली त्यांच्याच कमरेला असायची. त्यांनी पेटीचं झाकण लावलं.

"पेटीशिवाय गानं होत नसते," ते म्हणाले. "दुरुस्तीचा ठराव पुढच्या सभेत घेऊ. तोवर वर्ग बंद. सूर कोन देइन?"

आणि मागच्या रांगेतून सूर आला. पेटीची पांढरी चार, नेमकी, भात्याच्या बारीक थरथरीसकट. पंजाबरावांनी दचकून पेटीकडे पाहिलं. पेटी बंदच होती. सूर देवमन तायड्यांच्या नाकातून येत होता.

देवमन तायडे एका सरकारी कचेरीत अव्वल कारकून. वय चौपन्न. सहा वर्षं ते या वर्गात येत होते आणि सहा वर्षांत त्यांना फक्त झांजा वाजवायला मिळाल्या होत्या, त्याही हलक्या हातानं. पहिल्याच दिवशी पंजाबरावांनी निकाल दिला होता, "तायडे साहेब, तुमचा आवाज नाकातून येते. नाकातला सूर मी धरत नाही." दुसरा एखादा रागावून घरी बसला असता. देवमनचा जन्म लोकांच्या अर्जांत त्रुटी काढण्यात गेलेला, त्यामुळे आपल्यात कुणी त्रुटी काढली तर तिची पूर्तता करायची एवढंच त्यांना ठाऊक. गळ्यातून सूर येत नाही म्हटल्यावर ते न्हाणीघरात रोज नाकाचा रियाज करू लागले. सहा वर्षांत नाक इतकं तयार झालं की त्यांच्या बायकोला, शालूला, सर्दी आणि यमन यांतला फरक कळेनासा झाला.

त्या गुरुवारी वर्ग हसला. देवमन कानापर्यंत लाल झाले. पण तेवढ्यात खुशालराव ठाकरे सुरात सूर मिसळते झाले. खुशालराव एकाहत्तरचे. चांदूर बाजारकडची शेती भावाच्या हवाली करून मुलाकडे राहायला आले होते. त्यांना कवळी होती. ती काढून गालात हवा कोंडली की विहिरीच्या मोटरीला पाणी लागल्यासारखा गुळूगुळू नाद निघायचा. त्यांनी कवळी रुमालात बांधली आणि नाद लावला. साधना इंगोले शाळेत गणित शिकवायच्या. त्यांचा आवाज इतका खर्जातला की फोनवर लोक त्यांना 'साहेब' म्हणत, आणि शाळेच्या स्वागतगीतात त्यांना दरवर्षी हार द्यायला उभं करत, गायला नाही. त्यांनी खालचा सा धरला. आणि प्रीतम गवई हा औषध कंपनीचा प्रतिनिधी. डॉक्टरांच्या दारात तास न् तास बसून ओठांनी ढोलकी वाजवण्याची त्याला सवय लागली होती, त्यानं ठेका दिला.

पाच मिनिटं हे चाललं. मग पंजाबरावांनी दिवे बंद केले.

"उद्यापासून आमी चौघं तालीम करू," बाहेर पायरीवर देवमन म्हणाले. आपण असं काही बोलणार आहोत हे त्यांना स्वतःलाही बोलेपर्यंत माहीत नव्हतं.

"नाव काय ठेवाचं?" खुशालरावांनी विचारलं. कवळी अजून रुमालातच होती, त्यामुळे प्रश्न दोनदा विचारावा लागला.

"बिनपेटी मंडळ," साधनाबाई म्हणाल्या.

गाणं कशावर करायचं यावर फार विचार करावा लागला नाही. मे महिन्यात अकोल्यात माणसाला दुसरा विषय सुचत नाही. पारा पंचेचाळिसावर गेला की सगळं गाव कूलरसमोर बसतं आणि कूलरविषयीच बोलतं. देवमननी चार ओळी लिहिल्या:

दोन बादल्या पानी पेला, तरी गार हवा देईना,
लाथ मारल्याशिवाय बाप्पा, पंखा याचा फिरेना.
पाहुन्याच्या तोंडावर वारा, घरधनी घामात,
कूलर आमचा सरकारी हो, नसतो कधी कामात.

शब्द आणि पेटी देवमनकडे, म्हणजे शब्द तोंडानं आणि पेटी नाकानं. साधनाबाईंची मोटर. खुशालरावांचं पाणी. पंख्याचं पातं जाळीला घासतं त्याची खडखड प्रीतमच्या ओठांवर. खुशालरावांना पाण्यासाठी कवळी काढावी लागायची आणि 'बाप्पा' म्हणायला ती परत लावावी लागायची. हे काम ते इतक्या गांभीर्यानं करत की बघणाऱ्याला तो गाण्याचाच भाग वाटे. पुढे पुढे त्यालाच जास्त टाळ्या पडू लागल्या, पण ते नंतरचं.

तालीम खुशालरावांच्या गच्चीवर सुरू झाली आणि कॉलनीला आयताच उद्योग मिळाला. समोरच्या निवृत्त कंपाउंडरांनी सांगितलं की नाकातून इतकी हवा काढली तर मेंदूला थंडी बाधते. कुणी म्हणालं, साधनाबाईंनी मध घ्यावा म्हणजे आवाज बाईचा होईल. साधनाबाईंनी उत्तर दिलं की आवाज बाईचाच आहे, कारण त्या बाई आहेत. हे गणितानं सिद्ध होत असूनही त्या गृहस्थांना पटलं नाही.

खरं संकट आलं ते गच्चीखालच्या घरातून. तिथं गोदाबाई राहत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या कूलरची खडखड ऐकली आणि मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्रीनं कूलर खोलला. काही सापडलं नाही. बंद कूलर पुन्हा खडखडला, तेव्हा त्यानं मोटर बाहेर काढली, खस उपसली, पंपही उचकटला. दोन तासांनी वरची तालीम संपली आणि आवाज थांबला. मिस्त्री घाम पुसत म्हणाला, "झालं दुरुस्त." त्या दिवसापासून तो कूलर खरोखर खडखडायला लागला.

गोदाबाईंनी अध्यक्षांकडे लेखी तक्रार केली. पंजाबरावांनी चौघांना बोलावलं. सभागृहाच्या दाराशी उभं राहूनच बोलणं झालं, आत त्यांनी कुणाला घेतलं नाही.

"गच्चीवर बंदी," पंजाबराव म्हणाले.

"मंग सभागृह उघडून द्या," देवमन म्हणाले. "आमी वर्गाचे सभासद हावो."

"सभागृह गायन-वादनासाठी आहे. नियमावलीत लिहून आहे. तुमी जे करून राह्यले ते गायन नाही, अन् वादन बी नाही. तो कल्ला आहे."

"ते गायन आहे."

"कोनं सांगतलं? एखाद्या जबाबदार संस्थेचा कागद आना. त्याच्यावर लेखी पाह्यजे का हे लोक गातात. शिक्का पाह्यजे. मंग मी सोता कुलूप काढून देतो." मग दार ओढून घेत ते म्हणाले, "तायडे साहेब, वय झालं आपलं. या वयात मानसानं आपली शोभा करून घेऊ नये."

देवमन घरी आले आणि जेवले नाहीत. हसणं त्यांनी सोसलं असतं. 'शोभा' हा शब्द त्यांना सोसवेना. सहा वर्षं या माणसानं आपल्याला मागच्या रांगेत बसवलं आणि आपण बसलो, याचा त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा राग आला.

"आनतो मी कागद," ते शालूला म्हणाले.

"कायचा कागद?"

"मी गातो म्हनून."

शालूनं ताट झाकून ठेवलं. "रविवारी विहारात बाया मले विचारतात, भाऊ आजकाल काय करतात म्हनून. मी काय सांगू? कूलर काढतात म्हनू?"

"सांग."

"मले लाज वाटते," शालू म्हणाली, आणि ते खरंच होतं.

गच्ची गेली तशी तालीम कृषी विद्यापीठाच्या रस्त्यावर गेली. पहाटे लोक फिरायला येतात, त्यांच्यातच हे चौघं एका ओळीत घुर्र, गुळूगुळू, खडखड करत चालायचे. आठ दिवसांत त्यांच्या मागे फिरणाऱ्यांची रांग लागली. त्यांतल्या एकाच्या पुतण्याची हळद बार्शीटाकळीला होती, त्यानं मंडळाला आमंत्रण दिलं.

बार्शीटाकळीत डीजे होता. भिंतीएवढे भोंगे. बिनपेटी मंडळाला मांडवाच्या कोपऱ्यात, आचाऱ्याच्या शेजारी उभं केलं होतं आणि दीड तास कुणी विचारलं नाही. मग वीज गेली. डीजेवाल्याचं जनित्र दोनदा खोकलं आणि गप्प झालं. हळदीनं माखलेला नवरदेव पाटावर, चारशे माणूस नाचता नाचता थांबलेलं, आणि वर सूर्य. पंखे बंद पडले होते. साधनाबाईंनी मोटर सुरू केली.

पहिल्या ओळीला लोकांनी माना वळवल्या. दुसरीला हसू फुटलं. 'घरधनी घामात' आलं तेव्हा नवरदेवाचा बाप स्वतःच्या सदऱ्याकडे बोट दाखवून उभा राहिला. खुशालरावांची कवळी रुमालातून तोंडात आणि तोंडातून रुमालात जाऊ लागली तशी माणसं खुर्च्यांवर चढून बघू लागली. तीन वेळा गाणं झालं. वीज आली तरी डीजे लावू दिला नाही. डीजेवाला देवमनपाशी येऊन म्हणाला, "काका, तुमी आमच्या पोटावर पाय देऊन राह्यले," आणि मग हळूच त्यानं विचारलं की पाण्याचा आवाज कसा काढतात.

कुणीतरी मोबाईलवर चित्रण केलं. आठवड्याभरात ते अकोट, मूर्तिजापूर, पार दर्यापूरपर्यंत गेलं. बोलावणी येऊ लागली. मंडळानं एसटीचं गाणं बसवलं, कुकरचं बसवलं, चालू न होणाऱ्या स्कूटरचं बसवलं. नाव झालं, पण ते बिनपेटी मंडळ असं झालं नाही. लोक त्यांना 'तोंडवाले' म्हणू लागले. "तोंडवाले आले का?" "तोंडवाल्यांले पानी द्या." देवमन दर ठिकाणी शांतपणे दुरुस्ती करत, "बिनपेटी मंडळ." समोरचा माणूस मान डोलवी आणि आत वळून ओरडे, "तोंडवाल्यांचे जेवन झाले का?"

यात एक अडचण कचेरीची होती. सरकारी नोकरानं जाहीर कार्यक्रम करायचा तर साहेबांची पूर्वपरवानगी लागते. देवमननी सोमवारी अर्ज केला. मंगळवारी तो आवक होऊन छाननीसाठी संबंधित टेबलावर आला. संबंधित टेबल देवमनचंच होतं. त्यांनी चष्मा लावून अर्ज वाचला. 'वाद्यांचा तपशील' जोडलेला नव्हता. निमंत्रणपत्राची प्रत नव्हती. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष करून पुढे पाठवला असता. पण अठ्ठावीस वर्षांत ज्या माणसानं कुणाचा अपुरा अर्ज पुढे जाऊ दिला नाही, तो स्वतःचाच कसा जाऊ देईल? त्यांनी स्वतःला त्रुटीपत्र काढलं. शिपायानं ते टेबलाच्या या बाजूनं उचललं, वळसा घालून त्या बाजूनं ठेवलं आणि पोच मागितली. देवमननी सही केली. सात दिवसांच्या आत त्यांनी पूर्तता सादर केली आणि ती तपासून समाधानकारक असल्याचा शेरा मारला.

मग फाइल साहेबांकडे गेली आणि चौथ्या ओळीवर अडकली. 'कूलर आमचा सरकारी हो' याबाबत खुलासा करावा, असा शेरा आला. साहेबांनी तोंडी सुचवलंही, "तायडे, 'सरकारी'च्या जागी 'शेजारी' करा ना. यमक बी राहते."

देवमननी रात्रभर नाही, पण जेवणाच्या सुट्टीभर विचार केला. शेजारी म्हणजे गोदाबाई, आणि त्यांना आधीच पुरेसा त्रास झाला होता. त्यांनी खुलासा लिहिला: 'सदर ओळीतील सरकारी हा शब्द केवळ कूलरचे विशेषण असून तो कोणत्याही विशिष्ट कार्यालयाच्या कूलरला उद्देशून नाही. तथापि या कार्यालयातील कूलर गेल्या दोन उन्हाळ्यांपासून बंद असल्याची नोंद आहे.' तिसऱ्या दिवशी परवानगी आली. पाचव्या दिवशी साहेबांच्या खोलीतला कूलर दुरुस्तीला गेला.

पण पंजाबरावांनी मागितलेला कागद यातून मिळत नव्हता. परवानगीत 'कार्यक्रम' असा शब्द होता, 'गायन' नव्हतं. हळदीवाले कागद देत नाहीत. फेब्रुवारीत प्रीतमनं बातमी आणली की अमरावतीला वऱ्हाड कलासंवर्धन परिषद म्हणून संस्था आहे आणि एप्रिलमध्ये तिची स्पर्धा आहे. भाग घेणाऱ्याला प्रमाणपत्र मिळतं. त्यावर गटाचं नाव असतं, शिक्का असतो.

देवमननी अर्ज मागवला. समूहगायन गटात रकाना होता: 'वाद्यांची नावे (किमान दोन)'. देवमननी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'निरंक'. अर्ज परत आला. मग शेवटच्या तारखेला चौघं रेल्वेनं अमरावतीजवळ बडनेऱ्याला उतरले आणि ऑटोनं परिषदेच्या कचेरीत गेले. तिथं भगवंत काळे नावाचे कार्यवाह होते. माणूस सज्जन. सज्जन आणि नियमानं चालणारा, म्हणजे ज्याच्यावर ओरडताही येत नाही असा.

"वाद्य कोनतं?" भगवंतरावांनी विचारलं.

"तोंड," देवमन म्हणाले.

"तोंड वाद्यात येत नाही."

"नाक लिहा मंग."

"नाक बी शरीरात येते. शरीर गायनात धरतात. वाद्य अंगाबाहेरचं पाह्यजे."

खुशालरावांनी घसा साफ केला. "माही कवळी आहे. अंगाबाहेर निघते. तिच्यानं आवाज बदलते."

भगवंतरावांनी पेन खाली ठेवलं आणि खरोखर विचार केला. "कवळी, तसं पाह्यलं तं, चालू शकते," ते म्हणाले. "पन दुसरं वाद्य?"

दुसरी कवळी कुणाकडेच नव्हती. प्रीतमनं एक दात हलत असल्याचं सांगितलं, पण तो निघालेला नसल्यानं ग्राह्य धरता आला नाही.

"एकच गट मोकळा आहे, वाद्याची अट नसलेला," भगवंतराव म्हणाले. त्यांनी तो अर्ज पुढे केला. वर छापलं होतं, 'नकला व पशुपक्ष्यांचे आवाज'.

साधनाबाई उठून उभ्या राहिल्या. "आमी जनावरं नाही."

"मॅडम, नसतातच. आवाज काढतात फक्त. पाच वाजता खिडकी बंद होते. मले तुमाले घ्याचंच आहे म्हनून सांगून राह्यलो."

पाचला दहा मिनिटं होती. देवमननी अर्ज भरला. सही केली आणि सहीखाली लिहिलं, 'गटाबाबत हरकत नोंदवून'. परतीच्या गाडीत मूर्तिजापूरला साधनाबाई म्हणाल्या, "सर, ते प्रमाणपत्र देतील तं त्याच्यावर काय लिहून येइन? अकोल्याच्या साधना इंगोले यांनी उत्तम आवाज काढला. कोंबडीचा."

"आपन गाऊ," देवमन म्हणाले. "त्याइले काय लिहाचं ते लिहू द्या. आपन तिथं उभं राहून गाऊ."

स्पर्धा एप्रिलच्या तिसऱ्या रविवारी, भर दुपारी. शालू अमरावतीपर्यंत आली होती, पण बहिणीला भेटायला. सभागृहात येणार नाही असं तिनं आधीच सांगून टाकलं होतं. आत सहाशे माणसं होती. भिंतींना चार मोठे कूलर होते आणि चारही बंद. भगवंतरावांनी सुरुवातीलाच जाहीर केलं होतं की कूलरचा आवाज माइकमध्ये येतो, परीक्षकांना गुण देताना अडचण होते, म्हणून स्पर्धा संपेपर्यंत कूलर लागणार नाहीत. लोक कार्यक्रमपत्रिकेनं वारा घेत होते. पहिल्या रांगेतल्या तीन परीक्षकांनी बुटांचे बंद सोडले होते.

मंडळाच्या आधी चांदूर बाजारचे एक गृहस्थ होते. त्यांनी रेडकू हरवलेल्या म्हशीचा हंबरडा सादर केला. हंबरडा उत्तम होता, हे देवमननी तेव्हाही मान्य केलं आणि पुढेही कधी नाकारलं नाही. पण त्यानंतर निवेदकानं माइकवर सांगितलं, "आता अकोल्याचे चार कलावंत, तोंडवाले, आपल्यासमोर प्राण्यांचे आवाज काढतील," आणि देवमन तडक माइकसमोर गेले.

"आमचं नाव बिनपेटी मंडळ आहे," ते म्हणाले. "आमी प्राण्यांचे आवाज काढत नाही. कूलर हा प्राणी नाही. आमी गातो."

सभागृहात खसखस पिकली. भगवंतराव विंगेतून पुढे आले. "तायडे साहेब, या गटात गाता येत नाही. गायले तं अपात्र व्हाल."

"मंग अपात्र होऊन गातो," देवमन म्हणाले आणि साधनाबाईंकडे पाहून मान हलवली.

साधनाबाईंची मोटर सुरू झाली. एका ओळीनंतर भगवंतरावांनी माइक बंद करायला सांगितला, कारण नियमात तसंच होतं. आवाज एकदम अर्ध्यावर आला. पण मंडळाकडे मुळात बंद पाडण्यासारखं काही नव्हतं. साधनाबाईंनी खर्ज वाढवला. खुशालरावांनी कवळी काढली. देवमन नाकातून पेटी आणि तोंडातून शब्द असं दोन्ही सांभाळत मंचाच्या अगदी कडेला आले. अडकलं ते फक्त प्रीतमचं. ओठांची खडखड माइकशिवाय दुसऱ्या रांगेच्या पलीकडे जात नव्हती, आणि खडखडीशिवाय कूलर म्हणजे नुसतं पाणी. त्याचं तोंड उतरलं. ठेका सुटायला लागला.

तेव्हा अगदी मागून, दाराजवळून, खडखड ऐकू आली. टर्र-खट, टर्र-खट, बरोबर ठेक्यात. देवमननी तो आवाज ओळखला नाही, कारण तो त्यांनी कधी ऐकलाच नव्हता. शालू उभी होती. बहिणीकडे बसवेना म्हणून ती ऑटो करून आली होती. अकरा महिने घरात आणि मोबाईलवरच्या चित्रणातून कानांवर आदळलेलं सगळं तिला प्रीतमपेक्षा चोख पाठ होतं. तिच्या बाजूच्या बाईनं तिच्याकडे पाहिलं, मग ती बाईही खडखडायला लागली. मागची रांग लागली. मधल्या रांगांनी मोटर उचलली. उकडून गेलेल्या सहाशे माणसांनी मिळून असा काही कूलर चालू केला की खरे चार कूलर भिंतीला टेकून लाजले असतील. म्हशीचे गृहस्थही राहवलं नाही म्हणून विंगेतून दोनदा हंबरले. ते गाण्यात नव्हतं, पण बसून गेलं. 'कूलर आमचा सरकारी हो' ही ओळ लोकांनी उभं राहून म्हटली आणि सभागृहाच्या व्यवस्थापकानं न सांगता चारही कूलर लावले.

टाळ्या थांबल्यावर भगवंतरावांनी माइक पुन्हा सुरू करून घेतला आणि जाहीर केलं की अकोल्याचं मंडळ अपात्र आहे. लोकांनी आरडाओरडा केला. देवमननी हात वर करून लोकांना बसवलं आणि ते खाली कार्यवाहांच्या टेबलाशी गेले.

"अपात्र केलं ते लेखी द्या," ते म्हणाले.

"लेखी कायले पाह्यजे? समद्याइनं ऐकलं."

"आदेश तोंडी नसते. कारणासहित द्या. आमचा हक्क आहे."

नियमावर चालणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा नियमही मोडवत नाही. भगवंतरावांनी परिषदेचा छापील कागद काढला. "काय कारन लिहू?"

"जे आहे ते लिहा. आमी चुकीचे शब्द तुमच्या तोंडी टाकत नाही. आमी काय केलं वरतं?"

"तुमी गायले," भगवंतराव म्हणाले.

"तेच लिहा."

भगवंतरावांनी लिहिलं. सही केली, गोल शिक्का मारला आणि शाई वाळेपर्यंत कागदावर फुंकर घालत बसले. कागद हातात देताना मात्र त्यांचे डोळे त्या ओळीवर थांबले आणि त्यांनी वर पाहिलं. देवमननी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि आभार मानले.

बुधवारी संध्याकाळी पंजाबरावांच्या अंगणात सोसायटीची सभा होती. देवमननी तो कागद पंजाबरावांपुढे ठेवला. पंजाबरावांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, कारण पहिल्याच ओळीत 'अपात्र' दिसत होतं आणि ते सगळ्यांनी ऐकावं असं त्यांना वाटलं.

"सदर मंडळाची नोंदणी नकला व पशुपक्ष्यांचे आवाज या गटात असताना, प्रत्यक्ष सादरीकरणाच्या वेळी सदर मंडळ कोणत्याही प्राण्याचा अथवा पक्ष्याचा आवाज न काढता, सर्व सभासदांसह गायन करीत असल्याचे आढळून आल्याने..."

इथं त्यांचा आवाज बसला. उरलेलं त्यांनी मनात वाचलं. मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"हे तं तुमाले हाकलल्याचं पत्र आहे," ते म्हणाले.

"हो," देवमन म्हणाले.

"असं पत्र मानूस लपवून ठेवते. तुमी सभेत घेऊन आले."

"जबाबदार संस्था आहे. शिक्का आहे. गायन करीत असल्याचे लिहून आहे. तुमी हेच मांगतलं होतं."

सभेला बसलेली मंडळी पंजाबरावांकडे बघत होती. गोदाबाईही बघत होत्या. नियमावली पंजाबरावांच्याच हातात होती, ती त्यांनी चाळल्यासारखी केली. त्यात काही मिळालं नाही. शेवटी त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली.

"पोच द्या," देवमन म्हणाले.

"कायची?"

"पत्र मिळाल्याची. तारखेसकट."

पंजाबरावांनी मागच्या पानावर सही केली. सही करताना ते म्हणाले, "उद्या गुरुवार आहे. करा काय कराचं ते. पन खिडक्या लावून घेजा."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता सभागृहाचं कुलूप निघालं. आत वर्षभराची धूळ होती. खुशालरावांनी कवळी रुमालात बांधली. प्रीतमनं ओठ पुसले. शालू पहिल्यांदाच तालमीला आली होती, ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. देवमन मागच्या रांगेकडे न जाता थेट पुढे येऊन उभे राहिले. साधनाबाईंनी एकेक करत सभागृहाच्या सहाच्या सहा खिडक्या सताड उघडल्या आणि मग खालचा सा लावला.